दोन चाकांचा न्याय

पतिपत्नी ही संसाररथाची दोन चाके होत, हे वाक्य लग्नसमारंभातील आशीर्वादपर भाषणांत आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातील रथाकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. दोन्ही चाके सारख्याच गतीने चालली पाहिजेत, असेही वक्ते पुढे बजावून सांगतात. हे ऐकताना एखाद्या यंत्रज्ञाला मात्र हसू आवरणे कठीण जात असेल. रस्ता सरळ असेतो वक्त्यांचे म्हणणे खरे. पण रस्ता वळला, की हाच उपदेश रथाच्या मुळावर येतो. वळणाच्या आतल्या अंगाचे चाक थोडे चालते, बाहेरच्या अंगाच्या चाकाला लांबून वळसा घालावा लागतो. दोघांनी सारखेच फेरे घ्यावयाचे म्हटले, तर कोणा एकाला फरपटत जावे लागणार हे उघड आहे.

ही फरपट किती, याचा हिशेब मोठा सोपा आणि गमतीचा आहे. दोन चाकांमधील अंतर सव्वा मीटर धरले, तर एका पूर्ण प्रदक्षिणेत बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे आठ मीटर अधिक चालते. वर्तुळ देवळाच्या प्रदक्षिणेएवढे लहान असो, वा एखाद्या तलावाएवढे मोठे असो, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो, वळणाच्या त्रिज्येवर नव्हे. मोटारीचे चाक एका फेऱ्यात दोन मीटरांच्या आसपास जाते असे मानले, तर एका प्रदक्षिणेत बाहेरच्या चाकाला चार फेरे अधिक घ्यावे लागतात. चौकात नुसते डावीकडे वळलो, तरी दोन चाकांत एका फेऱ्याचे अंतर पडते.

आपल्या बैलगाडीला ही अडचण कधीच जाणवली नाही. तिचा आख स्थिर असतो आणि त्याच्या दोन टोकांवर दोन चाके आपापल्या मर्जीने फिरतात. ओढण्याचे काम बैलांचे. चाकांनी फक्त वंगणाची अपेक्षा करावी आणि मागून यावे. आगगाडीची गोष्ट निराळी. तिची दोन्ही चाके आसाला घट्ट जखडलेली असतात. पण त्यांची धाव किंचित शंकूसारखी उतरती असल्यामुळे वळणावर आस थोडा बाहेरच्या अंगाला सरकतो आणि बाहेरचे चाक आपोआप आपल्या मोठ्या घेरावर चालू लागते. रुळांच्या सोबतीने हा तोडगा उत्तम चालतो. परंतु ज्या गाडीपुढे बैल नाही आणि जिच्याखाली रूळही नाही, अशा गाडीने काय करावे? जिथे आसानेच चाकांना फिरवावयाचे आहे, आणि तरीही प्रत्येक चाकाला वळणावर त्याच्या वाट्याचे स्वातंत्र्य द्यावयाचे आहे, तिथे न्याय कसा करावा? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ते उत्तर म्हणजे मोटारीच्या मागच्या आसावर असणारी दंतचक्रांची पेटी. पारिभाषिक मराठीत तिला आपण विभेदी दंतमाला म्हणू. गॅरेजात तिला सारेजण डिफरन्शियल म्हणतात.

कोणत्याही शोधाचा आद्य जनक ठरविताना इतिहासकारांची जी तारांबळ उडते, ती येथेही उडालेली आहे. चीनमध्ये तिसऱ्या शतकात मा ज्यून नावाच्या यंत्रकाराने दक्षिणदर्शी रथ बांधला, अशी नोंद आहे. रथ कसाही वळो, त्यावरील पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राही. हा चमत्कार दोन चाकांच्या फेऱ्यांतील फरक मोजणाऱ्या दंतचक्रांनी साधला असावा, अशी उपपत्ती जॉर्ज लँचेस्टर या ब्रिटिश मोटार-अभियंत्याने 1947 साली मांडली. उपपत्ती आकर्षक आहे. परंतु सुंग राजवटीच्या इतिहासात पुढच्या काळातील अशा रथाचे जे वर्णन आहे, त्यात वळताना चाके परस्परांना लावण्याची आणि सोडविण्याची योजना आहे, विभेदी रचना नाही. ग्रीसमध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 साली जे प्राचीन गणितयंत्र वर आले, त्यातही अशी रचना असल्याचे डेरेक प्राइस या विद्वानाने प्रतिपादन केले होते. पुढे क्ष-किरणांनी अधिक बारकाईने तपासल्यावर ते मत सोडून द्यावे लागले. निश्चित पुराव्याने सांगावयाचे, तर 1720 साली जोसेफ विल्यमसन या इंग्रज घड्याळजीने सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील तफावत दाखविण्यासाठी विभेदी दंतचक्र वापरले. म्हणजे दोन चाकांचा तंटा सोडविण्यापूर्वी या युक्तीने सूर्य आणि घड्याळ यांचा तंटा सोडविला होता.

रस्त्यावरच्या गाडीसाठी तिचा विचार पॅरिसमध्ये झाला. तेथील कला आणि उद्योग यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या कर्मशाळेचा प्रमुख ओनेसिफोर पेकर याने 1828 साली आपल्या वाफेच्या गाडीचे एकस्व मिळविले, त्यात ही रचना होती. चार वर्षांनी मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स याने अशाच रचनेचे एकस्व घेतले. परंतु दोघांच्याही नशिबी रस्ते अनुकूल नव्हते, आणि वाफेची अवजड गाडी लोकांच्या पचनी पडली नाही. कल्पना कागदावर राहिली. ती रस्त्यावर आणली एका सायकलवाल्याने, आणि तीही कॉव्हेन्ट्री नावाच्या एका दुर्दैवी गावात.

कॉव्हेन्ट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातील जुने गाव. रेशमी फिती विणणे आणि घड्याळे बनविणे, हे तेथील दोन धंदे. हजारो कुटुंबे मागावर जगत होती. 1860 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रेंच रेशमावरील जकात उठली. फ्रान्सच्या फिती इंग्लंडच्या बाजारात मुक्तपणे येऊ लागल्या आणि कॉव्हेन्ट्रीचे माग थंडावले. विणकरांची उपासमार झाली. पुष्कळांनी गाव सोडले, कित्येकांनी देश सोडला. ज्या इंग्लंडच्या गिरणीच्या कापडाने आपल्याकडील विणकरांची अन्नान्नदशा केली, त्याच इंग्लंडमधील विणकरांवर खुल्या व्यापाराची ही कुऱ्हाड पडावी, हा इतिहासाचा एक कडवट योग म्हणावयाचा. माग बंद पडले, पण बोटे थंड पडली नव्हती. बारीक कामात तरबेज असलेली ही माणसे स्वस्तात मिळतील, हे हेरून तेथे शिवणयंत्रांचा कारखाना निघाला. त्या कारखान्याबरोबर गावात आलेल्या कसबी माणसांत जेम्स स्टार्ली हा एक होता.

स्टार्ली हा ससेक्स परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा. औपचारिक शिक्षण बेताचेच. पण कोणतेही यंत्र उघडून पाहिल्याशिवाय स्वस्थ न बसणारा. शिवणयंत्रांचा हा कारखाना 1860 च्या दशकाच्या अखेरीस सायकली करू लागला आणि स्टार्लीला आपले खरे क्षेत्र सापडले. त्या काळच्या उंच चाकाच्या सायकलीवर लांब पोशाखातील स्त्रियांना बसणे शक्य नव्हते, आणि वयस्क गृहस्थांना पडण्याची धास्ती वाटे. त्यांच्यासाठी तीन आणि चार चाकांच्या गाड्या निघाल्या. यांपैकी काहींवर दोन माणसांना शेजारी शेजारी बसून पायटे मारता येत. अशा एका गाडीला लोक मधुचंद्राची गाडी म्हणत. सांगतात, की एकदा स्टार्ली आणि त्याचा मुलगा विल्यम असे दोघे अशा गाडीवरून निघाले. एकेकाच्या पायट्याखाली एकेक चाक. मुलाच्या तरण्या पायांपुढे बापाचे पाय मागे पडू लागले, गाडी एका अंगाला ओढू लागली आणि शेवटी दोघेही रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांत जाऊन पडले. गोष्टीत पदरची भर किती, हे सांगणे कठीण; पण 1877 साली स्टार्लीने आपल्या तीनचाकीसाठी विभेदी दंतचक्राचे एकस्व घेतले, हे निश्चित आहे. लग्नातील वक्त्यांनी ही मधुचंद्राची गाडी अवश्य ध्यानात ठेवावी.

स्टार्लीने केले ते असे. आसाचे मधोमध दोन तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या टोकावर एकेक दंतचक्र बसविले आणि त्या दोहोंच्या मध्ये, दोघांनाही दाते भिडतील असे, तिसरे लहान दंतचक्र आडवे ठेवले. ढकलावयाचे ते या मधल्या चक्राला. ते तराजूच्या दांडीसारखे वागते. दांडी मध्यावर उचलली, की दोन्ही पारड्यांना सारखाच आधार मिळतो. एक पारडे खाली गेले तर दुसरे तेवढेच वर येते, पण उचलणाऱ्याच्या हाताला त्याचे काही वाटत नाही. तसेच येथे. दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. रस्ता सरळ असेल, तर मधले चक्र स्वतःभोवती न फिरता दोघांना बरोबर घेऊन जाते. रस्ता वळला, की ते स्वतःभोवती किंचित फिरते. एका चाकाचे जेवढे फेरे कमी होतात, तेवढेच दुसऱ्याचे वाढतात, आणि दोहोंची सरासरी कायम राहते. फेरे ज्याचे त्याला हवे तसे. पीळ मात्र दोघांना सारखा. यापेक्षा साधा आणि निःपक्षपाती न्यायाधीश शोधून सापडणार नाही.

1881 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने स्टार्लीच्या दोन तीनचाक्या मागविल्या आणि त्या गाडीला राजमान्यतेचा शिक्का बसला. त्याच वर्षी स्टार्ली वारला. गावाने त्याचे स्मारक उभारले. बेकारीत पिचलेल्या गावाला ज्याने नवा धंदा दिला, त्याच्याविषयीची ती कृतज्ञता होती. त्याचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने 1885 साली दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल काढली. आज जगभर जी सायकल चालते तिची ती आद्य मूर्ती. आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल बेंझ याने आपली तीन चाकांची मोटार सिद्ध केली, तेव्हा तिच्या मागच्या दोन चाकांसाठी त्याने ही विभेदी रचनाच स्वीकारली. मोटार जन्माला आली ती हा न्यायाधीश बरोबर घेऊनच.

पुढील पन्नास वर्षांत या पेटीच्या अंतरंगात मोठे फेरफार झाले. आरंभी तिच्यापर्यंत शक्ती साखळीने पोहोचविली जाई. 1898 साली फ्रान्समध्ये लुई रेनोने दांड्याने थेट आसाला गती देणारी छोटी मोटार बांधली आणि साखळी हळूहळू मागे पडली. या दांड्याच्या टोकाला असते ते लहान दंतचक्र पिनियन, आणि ते ज्याला फिरविते ते ताटाएवढे मोठे दंतचक्र क्राऊन. आपल्याकडील मेस्त्री एका दमात क्राऊन-पिनियन म्हणतात, ते हेच जोडपे. पहिल्यांदा त्यांचे दाते सरळ असत आणि फार आवाज करीत. मग ते वक्र झाले. अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने 1920 च्या दशकात असे वक्र दाते कापण्याची यंत्रे काढली, की ज्यांमुळे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली ठेवता येऊ लागला. या रचनेला हायपॉइड म्हणतात. दांडा खाली गेला, त्यामुळे मोटारीची बैठक खाली आली, आणि आवाजही कमी झाला. मात्र या दात्यांवर दाते नुसते टेकत नाहीत, ते घासत सरकतात. साधे तेल त्या दाबाखाली टिकत नाही. त्यासाठी गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेले खास तेल लागते. जुन्या मोटारीची ही पेटी उघडली असता जो उग्र दर्प येतो, तो या गंधकाचा.

आणखी एक उणीव उरली होती, आणि ती त्या न्यायाधीशाच्या निःपक्षपातातूनच निर्माण झालेली होती. समजा, एक चाक चिखलात गेले. चिखलात रुतलेल्या चाकाला पीळ घेण्याची ताकद नाही. ते नुसतेच गरगर फिरते. दोघांना सारखाच पीळ द्यावयाचा, हा तर नियम. मग कोरड्या जमिनीवरच्या धडधाकट चाकालाही तेवढाच अल्प पीळ मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. पंगतीत आजारी पाहुण्याने जेवढे खाल्ले तेवढेच शेजारच्या भुकेलेल्याला वाढावयाचे, असा हा न्याय झाला! 1930 च्या दशकात जर्मनीतील शर्यतीच्या मोटारींना हा दोष फार जाचू लागला, तेव्हा फर्डिनांड पोर्शे यांच्या गाड्यांसाठी घसरण रोखणारे डिफरन्शियल तयार करण्यात आले. पुढे अमेरिकेत पॉवर-लॉक नावाची रचना निघाली. तिच्यात दोन्ही बाजूंना घर्षणाच्या चकत्या असतात आणि मधल्या दंतचक्रांचे दांडे उतरत्या खाचांत बसविलेले असतात. पीळ वाढला, की दांडे त्या उतारावर चढू पाहतात, चकत्या आवळल्या जातात आणि दोन्ही चाके काही अंशी एकमेकांना बांधली जातात. न्यायाला विवेकाची जोड मिळाली ती अशी.

आता पुन्हा कॉव्हेन्ट्रीकडे वळू. विल्यम लायन्स या तरुणाने ब्लॅकपूल येथे 1922 साली मोटारसायकलींचे जोडडबे बनविण्याचा धंदा काढला आणि 1928 साली तो कॉव्हेन्ट्रीला आला. त्याच्या आरंभीच्या मोटारींना सांगाडे आणि इंजिने तेथीलच स्टँडर्ड कंपनी पुरवी. पुढे त्याच्या मोटारी जग्वार या नावाने प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या महायुद्धात, 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेन्ट्रीची राखरांगोळी केली. पाचशेहून अधिक माणसे मेली. मध्ययुगीन कॅथीड्रलच्या केवळ भिंती आणि मनोरा उरला. दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झालेले हे गाव दुसऱ्यांदा उभे राहिले. जुन्या भग्नावशेषांना न हलविता त्यांच्या शेजारी नवे कॅथीड्रल बांधून 1962 च्या मे महिन्यात त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1961 च्या मार्चमध्ये, जिनीव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाइप ही मोटार जगापुढे आली होती.

ई-टाइपच्या देखण्या आकाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आकार काढणारे माल्कम सेयर विमानविद्येतून आलेले होते. पण या मोटारीचे खरे नवल तिच्या मागच्या अंगाला, नजरेआड होते. तोवरच्या बहुतेक मोटारींत डिफरन्शियलची जड पेटी आणि चाके मिळून एकच ताठ आस असे. एक चाक खड्ड्यात गेले, की सारा आस हादरे. बॉब नाइट या अभियंत्याने ही पेटी चाकांपासून सोडविली आणि पोलादी पिंजऱ्यात बसविली. तो पिंजरा रबराच्या बैठकींवर मोटारीच्या अंगाला टांगला. पेटीतून दोन बाजूंना निघणारे दांडे चाकांना फिरवीत आणि त्याच वेळी चाकांना वर-खाली होताना सावरीतही. चाकांचा भार आणखी कमी व्हावा म्हणून ब्रेकच्या तबकड्यासुद्धा चाकांजवळ न ठेवता या पेटीला चिकटून बसविल्या. पेटी सॉल्सबरी कंपनीची, आत पॉवर-लॉकची रचना. स्टार्लीच्या गावात, स्टार्लीची युक्ती चौऱ्याऐंशी वर्षांनी अशी नव्या वैभवाने नटली. ही मोटार 1974 पर्यंत निघत होती आणि एकंदर सुमारे 72 हजार गाड्या तयार झाल्या. मागच्या पिंजऱ्याची ही कल्पना तर जग्वारच्या इतर मोटारींत सुधारून पुढेही कित्येक वर्षे वापरली गेली.

वैभवाबरोबर व्याधीही आली. ब्रेक पेटीला चिकटून, त्यामुळे ब्रेकांची सारी उष्णता पेटीच्या तोंडाशी. तेथे तेल आत राखण्यासाठी बसविलेली ऑइल सील त्या धगीने कडक होते, तडकते, आणि तेल पाझरून नेमके ब्रेकच्या तबकडीवर जाते. मग गाडी नीट थांबेनाशी होते. दोन आण्यांच्या सीलसाठी सारा पिंजरा गाडीखालून उतरवावा लागतो, असे जुने मेस्त्री कपाळाला हात लावून सांगतात, ते याचमुळे. पण एकदा पिंजरा उतरविला, की जाणता कारागीर केवळ सील बदलून थांबत नाही; सारी पेटी उघडून नव्याने बांधतो. ही बांधणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. कारण इतिहास जसा ग्रंथांत राहतो, तसा तो हातांतही राहतो.

प्रथम तेल काढावयाचे आणि त्यात धातूचा कीस आहे की काय हे पाहावयाचे. मग खुणा. उजवी-डावीकडील प्रत्येक टोपणावर आणि बेअरिंगवर खूण केल्याशिवाय काहीही सोडवावयाचे नाही, कारण प्रत्येक भाग आपल्याच जागेशी जुळून घासलेला असतो. क्राऊन आणि पिनियन यांच्यावर कारखान्यात एकच क्रमांक कोरलेला असतो. ही दोन चक्रे जोडीने घासून तयार झालेली असतात, आणि जन्मभर जोडीनेच राहावयाची. एक झिजले म्हणून दुसऱ्या गाडीतील एकटे चक्र आणून चालत नाही. ई-टाइपच्या एका प्रचलित जोडीत पिनियनला 13 आणि क्राऊनला 43 दाते असतात. या संख्यांना समान विभाजक नाही, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. त्यामुळे प्रत्येक दात्याची समोरच्या प्रत्येक दात्याशी आळीपाळीने गाठ पडते आणि झीज एकाच ठिकाणी न होता सर्वांत वाटली जाते.

नवी बेअरिंगे बसविली, की खरी परीक्षा सुरू होते. पिनियन क्राऊनच्या किती जवळ असावे, याचे माप पिनियनच्याच तोंडावर कोरलेले असते. ते साधावयाचे पत्र्याच्या अत्यंत पातळ चकत्या घालून अथवा काढून; त्यांना कारागीर शिम म्हणतात. दात्यांमध्ये किंचित मोकळीक हवी, म्हणजे तेलाला जागा राहते. ही मोकळीक इंचाच्या अवघ्या काही सहस्रांशांची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या हिशेबात बसणारी. तिचाही आकडा क्राऊनवर कोरलेला असतो. बेअरिंगांवर आधीपासून ठरावीक दाब ठेवावा लागतो. तो कमी पडला तर पिनियन डगमगते, अधिक झाला तर बेअरिंग तापून जळते.

एवढे सारे मोजून झाले, तरी मापांवर पूर्ण विश्वास ठेवावयाचा नाही, ही या विद्येची शिकवण. क्राऊनच्या आठ-दहा दात्यांना रंग लावून चक्रे फिरवावयाची आणि ठसा कोठे उमटतो ते पाहावयाचे. या रंगासाठी जगभरच्या कर्मशाळांत तेलात कालविलेले शिशाचे तांबडे भस्म वापरीत आले आहेत. आपण त्याला शेंदूर म्हणतो. मारुतीच्या अंगावरचा हा शेंदूर दात्यावर लागला, की तोही खरे ते सांगतो. ठसा दात्याच्या मध्यावर उमटला, तर बांधणी साधली. तो टोकाकडे गेला, कडेवर चढला किंवा बुडाशी उतरला, तर सारे पुन्हा उकलावयाचे, एखादी चकती बदलावयाची आणि पुन्हा शेंदूर लावावयाचा. हे तीनदा, चारदा करावे लागले तरी त्यात कारागिराला कमीपणा वाटत नाही. घाईने बांधलेली पेटी मात्र रस्त्यावर लागताच कुरकुरते. इंजिन गाडीला ओढीत असता एक सूर, पाय वर घेतला असता दुसरा सूर. कानाचा धनी असलेला मेस्त्री त्या सुरावरून दात्याच्या कोणत्या अंगाला दोष आहे, ते सांगतो.

या कसबाचा आणि आपला संबंध दूरचा नाही. ज्या 1961 साली ई-टाइप निघाली, त्याच वर्षी मद्रासमध्ये स्टँडर्ड हेरल्ड तयार होऊ लागली. कॉव्हेन्ट्रीच्याच स्टँडर्ड-ट्रायम्फची ती मोटार. तिचेही डिफरन्शियल ताठ आसावर नसून सांगाड्याला जखडलेले होते आणि चाके दोन्ही बाजूंना पंखांसारखी हलत. श्रीमंतांच्या शर्यतीच्या गाडीतील तत्त्व, साध्या स्वरूपात का होईना, आपल्या मध्यमवर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. तिच्या जागी 1972 साली आलेल्या गझेलमध्ये मात्र पुन्हा ताठ आस आला. पुढे 2008 साली जग्वार आणि लँड रोव्हर ही दोन्ही नावे टाटा मोटर्सने विकत घेतली. जेम्स स्टार्लीच्या पुतण्याने नावारूपाला आणलेले रोव्हर हे नावही त्याच हाती आले. इंग्लंडच्या ज्या गावातील विणकरांच्या बेकारीतून हा सारा उद्योग उगवला, त्याची मालकी, पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला कित्येक दशके मालमोटारी बांधणाऱ्या एका भारतीय कंपनीकडे यावी, हे स्टार्लीच्या स्वप्नातही आले नसेल.

मालकी बदलते, त्याबरोबर गावाचे नशीबही बदलते. कॉव्हेन्ट्रीच्या ब्राउन्स लेन येथील ज्या कारखान्यात ई-टाइप जन्मली, तेथील मोटारींची जुळणी 2005 साली थांबली. माग गेले तेव्हा बोटे उरली होती, म्हणून सायकल आली. बाँब पडले तेव्हा बोटे उरली होती, म्हणून जग्वार आली. कारखाना जातो तेव्हा पहिली चिंता इमारतीची वाटते. पण खरी चिंता त्या बोटांची वाटली पाहिजे. जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार हा पुष्कळांना धनिकांचा षोक वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. तरीही त्या निमित्ताने एखादा तरुण पोरगा जुन्या मेस्त्रीशेजारी बसून शिम मोजावयास शिकतो, शेंदराचा ठसा वाचावयास शिकतो, तेव्हा धनिकाच्या षोकातून समाजाची एक ठेव राखली जाते. मापे पुस्तकात असतात. ठसा ‘बरा’ आहे की ‘खरा’ आहे, हे ओळखण्याची नजर पुस्तकात नसते. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि मध्ये एक पिढी जरी चुकली तरी ती तुटते.

आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. इंजिन गेले, धूर गेला. पण त्यांपैकी बहुतेकींच्या आसावर ही विभेदी दंतचक्रे अद्याप आहेत. काही मोटारींत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र विद्युत्-यंत्र दिलेले असते; तेथे कोणत्या चाकाने किती फिरावे, हा निवाडा गणकयंत्र करते आणि मधल्या दंतचक्राची गरज उरत नाही. कदाचित एके दिवशी ही पेटी केवळ संग्रहालयात दिसेल. पण तिच्यापुढचा प्रश्न संग्रहालयात जाणार नाही. एकत्र चालावयाचे आणि वळणावर मात्र प्रत्येकाला त्याच्या वाटेपुरते मोकळे सोडावयाचे, कोणाला फरपटवावयाचे नाही आणि कोणा एकाच्या दुबळेपणापायी दुसऱ्याचे बळ वायाही जाऊ द्यावयाचे नाही, हा प्रश्न जिथे दोन चाके आहेत तिथे राहणारच. पुढच्या वेळी लग्नमंडपात संसाररथाचा दृष्टान्त कानी आला, तर श्रोत्यांनी वक्त्यांना नम्रपणे एवढेच विचारावे, की महाराज, चाकांचे सांगितलेत. मधल्या त्या लहानशा दंतचक्राचे काय?